कवठ्याची जमीन विकू नका

प्रिय आई, बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा 'पैशाचं तू बघू नकोस' म्हणतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहितेय. पायलटच्या इंटिग्रेटेड कोर्सवाल्यांना मी नाही म्हणून कळवलंय. मॉड्युलर करणार. लेस्टरजवळच्या फ्लाइंग क्लबात नावही घातलंय, तेव्हा बाबा, जमिनीच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगा.

तुमचे पैसे नकोत असं नाही हो, तुम्ही द्यायला निघालात यानंच मला दोन रात्री झोप नव्हती. पण इंटिग्रेटेड म्हणजे लाख पौंडांच्या वर, आपले कोटीच्या पुढे, नोकरी सोडून दीड-दोन वर्षं फुल टाइम, आणि शेवटी एअरलाइन घेईलच असं कुणी लिहून देत नाही. मॉड्युलरमध्ये तेच लायसन्स टप्प्याटप्प्यानं मिळतं: पीपीएलचे (खाजगी पायलटचं लायसन्स) कमीत कमी 45 तास उड्डाण, मग उड्डाणाचे तास वाढवायचे, एटीपीएलचे (एअरलाइन पायलटच्या लायसन्सचे) 13 पेपर (प्रत्येकात 75 टक्के हवेत आणि सगळे 18 महिन्यांत, बाबा खूश!), मग मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता नुसत्या उपकरणांवर उडवायचं), सीपीएल म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स. नोकरी चालू, आणि जेवढं शिकेन तेवढेच पैसे भरायचे. 2023 ला स्कॉटलंडमधली टेसाइड एव्हिएशन ही फ्लाइंग स्कूल बंद पडली तेव्हा पोरांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले. दादाच्या वेळचं तुम्हाला मी काय सांगू.

वेळ जास्त लागेल, तीनेक वर्षं धरा. एकाच स्कूलमध्ये सलग शिकलेली मुलं काही एअरलाइन्सना बरी वाटतात, हेही खरंय. पण रायनएअर मॉड्युलरवाल्यांना घेते. आणि बाबा, बारामतीच्या फ्लाइंग स्कूलचं परत काढू नका, ते लायसन्स भारताच्या डीजीसीएचं, इथे ब्रिटनच्या सीएएचं लागतं, म्हणजे पेपर पुन्हा पहिल्यापासून.

आई, पायलटची क्लास वन मेडिकल तपासणी झालीय, डोळे, कान, ईसीजी सगळं ओके. डबा घरूनच नेते, रविवारी वरण लावून ठेवते, तू दिलेला गोडा मसाला अजून आहे. शिकवणारे शेजारीच बसलेले असतात आणि हवा खराब असली की विमान बाहेरच काढत नाहीत, इथे तर निम्मे दिवस तसेच जातात. कधीकधी वाटतं सगळं सोडून यावं आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडावं, तू केसांतून हात फिरवशील आणि तेल लावत नाहीस म्हणून बोलशील.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही, आणि साखरेचा एचबीए1सी रिपोर्ट मला व्हॉट्सॲप करा, नुसतं 'नॉर्मल आहे' चालणार नाही. आई, मोतीबिंदूचं दिवाळीनंतर नको, आत्ताच तारीख घे, पैसे मी पाठवतेय आणि ते एफडीत टाकायचे नाहीत. गच्चीवर वाळवणं घालायला मावशींना सांग.

आत्याला इतक्यात काही बोलू नका. पीपीएल हातात आलं की मी स्वतः फोन करेन तिला.

तुमची,
मनू