तक्रार पत्र : ज्येष्ठ रॉक कलाकारांची अर्धवट राहिलेली मैफल आणि नाकारलेले कूपन

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
कार्यक्रम आयोजन व तिकीट विक्री विभाग,
मुंबई.

विषय : जाहीर केलेल्या वेळेपेक्षा उशिरा सुरू होऊन मध्येच बंद पडलेली मैफल, क्रमांकित आसने न मिळणे, आणि तिकिटाच्या पूर्ण रकमेचा परतावा मिळण्याबाबत.

संदर्भ : सोबत जोडलेली तिकिटे, पावती आणि आपल्या ग्राहक सेवा विभागाचे उत्तर.

महोदय,

सोबतच्या तिकिटांवर नमूद केलेल्या दिवशी आपण मुंबईतील एका मोकळ्या मैदानावर सत्तरच्या दशकात गाजलेल्या एका ब्रिटिश रॉक बँडची मैफल आयोजित केली होती. मी आणि माझे पती, दोघेही साठी ओलांडलेले, खास त्यासाठी पुण्याहून आलो होतो. प्रत्येकी ९,५०० रुपये दराची क्रमांकित आसनांची तिकिटे आम्ही आपल्याच अ‍ॅपवरून घेतली आणि त्यावरचे सुविधा शुल्क व जीएसटीही भरला. आपल्या जाहिरातीत आणि तिकिटावर मुख्य बँडची वेळ रात्री ८ ते १० अशी स्पष्ट छापलेली होती. प्रत्यक्षात बँड ८ वाजून ५० मिनिटांनी मंचावर आला आणि बरोबर १० वाजता, गाणे सुरू असतानाच, ध्वनियंत्रणा बंद करण्यात आली. याबद्दल मी तक्रार केल्यावर आपल्याकडून दिलगिरीच्या दोन ओळी आणि पुढील कार्यक्रमाच्या तिकिटावर २० टक्के सवलतीचे कूपन आले. ते कूपन मी स्वीकारत नाही. का स्वीकारत नाही, हे सांगण्यासाठीच हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते, की कलाकारांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. ऐंशीच्या घरातला तो गायक आणि मूळ संचातला ड्रमर ज्या तयारीने आणि आपुलकीने वाजवत होते, ते पाहून आम्ही भारावून गेलो. तक्रार आहे ती त्यांना आणि आम्हाला दिलेला वेळ दुसऱ्याच कामासाठी खर्च करणाऱ्या आयोजनाबद्दल.

त्या संध्याकाळी काय घडले, ते क्रमाने नोंदवते. ४ वाजता उघडणार असलेले गेट पावणेसहाला उघडले. रिस्टबँड तपासण्याची यंत्रे चालत नसल्याचे रांगेत सांगण्यात आले; तोवर शेकडो माणसे उन्हात उभी होती आणि पाण्याच्या बाटल्या गेटबाहेरच टाकायला लावल्या होत्या. पहिल्या स्थानिक बँडने आपले काम चोख केले आणि त्या मुलांचे वादन मी मनापासून ऐकले. त्यानंतर मात्र प्रायोजकांचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्याचा जाहिरातीत कुठेही उल्लेख नव्हता. सूत्रसंचालकाने सोडत काढली, विजेत्यांना मंचावर बोलावून छायाचित्रे काढली, प्रायोजक कंपनीच्या अधिकाऱ्यांचा सत्कार झाला आणि मग एका डीजेने ध्वनिमुद्रित गाणी लावली. हे सगळे आठ वाजून गेल्यावरही चालू होते. मंचाच्या कडेला बँडचे तंत्रज्ञ गिटार गळ्यात अडकवून, सूर तपासून, वाट पाहत उभे असलेले आमच्या जागेवरून दिसत होते. म्हणजे कलाकार तयार नव्हते म्हणून उशीर झाला, असे म्हणायलाही वाव नाही.

दहा वाजताच्या मर्यादेबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत; राज्य सरकारने वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट दिली असेल तेवढाच अपवाद. आसपास राहणाऱ्या लोकांसाठी हा नियम योग्यच आहे. पण तो काल-परवा आलेला नाही, हे आपल्यासारख्या व्यावसायिक आयोजकांना सांगण्याची गरज नसावी. आमच्या पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे. हा नियम आल्यावर आयोजकांनी सत्रे दुपारपासून सुरू केली आणि ज्या दिवशी परवानगी मिळते त्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत कार्यक्रम चालवला. तिथे शेवटी गायला बसणाऱ्या ज्येष्ठ कलाकाराला वेळ कमी पडू नये म्हणून आधीच्या कलाकारांच्या वेळा काटेकोर पाळल्या जातात. शेवटची मर्यादा ठरलेली असेल, तर संध्याकाळची आखणी त्या टोकापासून मागे मोजत करायची असते. आपण नेमके उलटे केले. बाकी सर्वांना हवा तेवढा वेळ दिला आणि उरला तो मुख्य कलाकारांना दिला.

गेलेली ती ५० मिनिटे म्हणजे दोन तासांतला केवळ चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भाग, असा हिशोब आपल्या उत्तरात सूचित केला आहे. हा हिशोब ज्येष्ठ कलाकारांच्या मैफलीला लागू पडत नाही, आणि हा माझ्या तक्रारीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याने तो थोडा विस्ताराने मांडते. वय झाल्यावर आवाजाचा वरचा पल्ला आखूड होतो. आपल्याकडचा गायक जसा हार्मोनियमच्या काळी दोन या पट्टीवरून खालच्या काळी एकवर येतो, तसेच हे रॉक गायकही गाण्यांची पट्टी खाली आणतात आणि गिटार त्याप्रमाणे उतरवून लावल्या जातात. तरीही वरच्या सुरांची गाणी रोज सलग गाता येत नाहीत. म्हणून अशा बँडची गाण्यांची यादी फार विचारपूर्वक बांधलेली असते. सुरुवातीला मधल्या सप्तकातली गाणी घेऊन आवाज तापवायचा, मध्ये ऑर्गन, गिटार किंवा ड्रमचे एकल वादन ठेवून गायकाला विसावा द्यायचा आणि राखून ठेवलेली सगळी ताकद शेवटच्या अर्ध्या तासात लावायची, अशी ती रचना असते. त्या संध्याकाळी आम्ही ऐकली ती तयारी आणि विसावा. ज्याच्यासाठी ही सगळी जपणूक केलेली होती, तो भाग आम्हाला ऐकायलाच मिळाला नाही. शेवट कापलेली अशी मैफल म्हणजे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, न आलेले आवर्तन. त्याच्या मात्रा मोजून टक्केवारी काढता येत नाही.

साडेनऊच्या सुमारास मोठ्या पडद्यावर जे दिसले, ते आपल्या अधिकाऱ्यांनी चित्रफितीत अवश्य पाहावे. गायक खाली वाकून मंचाच्या फळीवर चिकटवलेली गाण्यांची यादी वाचत होता. त्याने ऑर्गनवादकाच्या कानाशी काही सांगितले, गिटारवादकाने पायाच्या टोकाने यादीतल्या तीन ओळी दाखवल्या आणि त्या सोडून ते थेट पुढच्या गाण्यावर गेले. दहाच्या ठोक्याला मुख्य स्पीकर बंद झाले, त्या वेळी ड्रमर वाजवतच होता. एवढ्या मोठ्या मैदानावर ध्वनिक्षेपकाशिवाय केवळ कातड्यावर पडणाऱ्या काठ्यांचा आवाज काही क्षण येत राहिला. गायक मंचाच्या कडेला येऊन काहीतरी बोलला. ते कोणालाच ऐकू आले नाही. मग त्याने हात जोडले. ज्या माणसाचे गाणे मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आले, त्याला श्रोत्यांचा निरोपही घेता येऊ नये, याचे मला अतिशय दुःख झाले, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे.

आता आसनांबद्दल. माझ्या पतींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्याने आम्ही अधिक दराची क्रमांकित तिकिटे घेतली होती. उभे राहून ऐकण्याची तिकिटे याच्या निम्म्याहून कमी दरात मिळत होती. आमच्या विभागात पोहोचलो, तर तिथे खुर्च्याच नव्हत्या. चार-चार खुर्च्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी एकत्र बांधून बॅरिकेडच्या पलीकडे रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या पाठींवर आसन क्रमांकांचे कागद तसेच चिकटलेले होते. तेथील स्वयंसेवकाने सांगितले, की गर्दी वाढल्यामुळे हा विभाग ‘स्टँडिंग’ करण्याची वरून सूचना आली आहे. बऱ्याच विनवण्यांनंतर माझ्या पतींना एक खुर्ची मिळाली, पण पुढे सगळे उभे असल्याने बसल्यावर त्यांना समोरच्यांच्या पाठींपलीकडे काही दिसत नव्हते. आमच्या आजूबाजूला साठी-सत्तरीतले कितीतरी श्रोते बॅरिकेडला टेकून उभे होते. अशा बँडला ऐकायला येणाऱ्यांत आमच्या पिढीची माणसे मोठ्या संख्येने असणार, हे उघड आहे. तिकिटे विकताना आपण आमच्या वयाची नोंदही घेतलेली आहे.

आपल्या कूपनाकडे वळते. कूपन देताना आपण असे गृहीत धरले आहे, की एक कार्यक्रम बिघडला तर दुसऱ्या कार्यक्रमाने त्याची भरपाई होते. तरुण कलाकारांच्या बाबतीत हे एक वेळ समजून घेता येईल. ज्येष्ठ कलाकारांच्या बाबतीत ते खरे नाही. रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड २००३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला, त्यानंतर त्यांची भारतात मैफल झालेली नाही. त्या रात्री ड्रमवर असलेले चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेले. ब्लॅक सबाथ या बँडचे गायक ऑझी ऑस्बॉर्न ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर आसनावर बसून आपल्या मूळ साथीदारांसह शेवटचे गायले आणि २२ जुलैला त्यांचे निधन झाले. एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडला गायक स्टीव्हन टायलर यांच्या स्वरयंत्राच्या दुखापतीमुळे ऑगस्ट २०२४ मध्ये दौरे कायमचे थांबवत असल्याचे जाहीर करावे लागले. त्या संध्याकाळी मंचावर असलेला बँड पुन्हा मुंबईत येईल, असे आपणही सांगू शकत नाही. किंबहुना ‘शेवटची संधी’ हे शब्द आपल्याच जाहिरातीत होते आणि त्याच शब्दांच्या जोरावर आपण तिकिटांचे दर लावले. जी संधी शेवटची म्हणून विकली, तिची भरपाई पुढच्या वेळी करण्याचे आश्वासन आपण कोणत्या आधारावर देता?

‘वेळापत्रकात बदल करण्याचा अधिकार आयोजकांकडे राखीव’ ही तिकिटाच्या मागची अट आपल्या उत्तरात उद्धृत केली आहे. पाऊस, कलाकाराचे आजारपण, विमानाचा विलंब अशा कारणांसाठी ही अट असेल, तर ती मला मान्य आहे. परंतु स्वतःच्या प्रायोजकांचा कार्यक्रम लांबवण्यासाठी आणि विकलेल्या खुर्च्या उचलून अधिक लोक आत घेण्यासाठी ती वापरता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात यांच्या व्याख्या दिलेल्या आहेत आणि ग्राहकावर एकतर्फी लादलेल्या अनुचित कराराचाही त्यात विचार केलेला आहे. वर सांगितलेल्या बाबी या व्याख्यांत बसतात, असे मला वाटते.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की दोन्ही तिकिटांची पूर्ण रक्कम सुविधा शुल्क व करासह मूळ बँक खात्यात परत करावी. आसने काढून घेतलेल्या विभागातील सर्व तिकीटधारकांना, त्यांनी तक्रार केलेली असो वा नसो, हाच परतावा द्यावा; त्यांचे संपर्क क्रमांक आपल्याकडे आहेतच. याशिवाय मैफल कोणाच्या निर्णयामुळे उशिरा सुरू झाली, याचा लेखी खुलासा मला हवा आहे, आणि रक्कम परत केली तरी हा खुलासा देण्याचे टाळू नये. कलाकार आजारी होते किंवा त्यांनीच वेळ कमी केला, अशा आशयाचे उत्तर आपल्या समाजमाध्यमावरील पानावर काही श्रोत्यांना दिले गेल्याचे मी वाचले. ते उत्तर तेथून काढून टाकून त्याच ठिकाणी वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. पाहुण्या आलेल्या वयोवृद्ध कलाकारांवर आयोजनातील दोष ढकलणे अत्यंत अनुचित आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर, तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची तरतूद असल्याने, पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. मुख्य बँडच्या वेळेचा उल्लेख असलेली आपली मूळ जाहिरात, बांधून ठेवलेल्या खुर्च्यांची छायाचित्रे आणि शेवटच्या काही मिनिटांची चित्रफीत माझ्याकडे सुरक्षित आहे. त्यांच्या प्रती या पत्रासोबत पाठवत आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक तिकीटधारक, पुणे

सोबत : दोन तिकिटांच्या प्रती, पावती, जाहिरातीची प्रत, छायाचित्रे, चित्रफीत, आपल्या ग्राहक सेवा विभागाच्या उत्तराची प्रत.