तारमास्तर काकांना, जाहीरपणे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की काकांची सगळी नोकरी तारखात्यात गेली. पहिल्या महायुद्धातल्या एका सांकेतिक तारेचे कागद वाचताना मी अडलो, तेव्हा मला पुढे नेलं ते कुठल्या गणितज्ञाने नाही, त्यांनी.

तार तशी नामांकित. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमान यांनी १६ जानेवारी १९१७ रोजी पाठवलेली. अमेरिका युद्धात उतरलीच तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने लढावं, आणि टेक्सस, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना हे गमावलेले प्रदेश परत घ्यावेत, असा प्रस्ताव. ब्रिटिश नौदलाच्या ‘रूम ४०’ या विभागाने ती पकडली आणि फोडली. इतकं कुठेही वाचायला मिळतं. माझ्यापुढे मात्र वेस्टर्न युनियन या अमेरिकी तार कंपनीच्या फॉर्मची छायाप्रत होती आणि तिच्यावर ओळीच्या ओळी भरून आकडे: १३०, १३०४२, १३४०१, ८५०१... मला ते आकडे सोडवायचे होते. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, “मजकूर पळून जात नाही. आधी फॉर्म वाच. तार कुठून निघाली, कोणत्या वाटेने गेली, सही कोणाची?”

त्या तीन प्रश्नांनी माझा सगळा अभ्यास फिरला. फॉर्मवर तारीख १९ जानेवारी, १६ नाही. वाट टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनमार्गे. खाली सही झिमरमानची नाही, वॉशिंग्टनमधले जर्मन राजदूत बेर्नस्टॉर्फ यांची. म्हणजे माझ्या हातातली तार बर्लिनहून निघालेली नव्हतीच, ती पुढे धाडलेली तार होती. बर्लिनहून ती ००७५ या नव्या संकेतात, म्हणजे शब्दांना आकडे ठरवून देणाऱ्या एका कोशानुसार, आली. मेक्सिकोच्या जर्मन वकिलातीकडे तो संकेत नव्हता, म्हणून वॉशिंग्टनमध्ये तीच तार १३०४० या जुन्या संकेतात उतरवली आणि साध्या व्यापारी तारघरातून पाठवली. ‘रूम ४०’ला जुना संकेत बराच उलगडला होता. नव्यातली तार त्यांना अर्धवटच वाचता आली होती.

बर्लिन ते वॉशिंग्टन हा टप्पा तर त्याहून मजेशीर. युद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९१४ मध्ये, ब्रिटिशांनी जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा कापल्या. पुढे शांततेच्या बोलण्यांसाठी म्हणून अमेरिकेने जर्मनीला स्वतःची राजनैतिक तारवाहिनी वापरू दिली. ती लंडनवरून जात होती! अमेरिकेच्याच तारेवरून अमेरिकेविरुद्धचा डाव गेला, आणि ब्रिटिशांना तो कळला तोही अमेरिकेची तार चोरून ऐकल्यामुळे. आता हे अमेरिकेला सांगायचं कोणत्या तोंडाने? नौदल गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख रेजिनल्ड हॉल यांना म्हणून मेक्सिको सिटीच्या तारघरातली प्रत हवी होती, आणि ती त्यांनी तिथल्या आपल्या माणसाकरवी मिळवली. तारीख वेगळी, सही वेगळी, त्यामुळे फुटली ती मेक्सिकोकडे, असंच दिसणार. झालंही तसंच. बर्लिनने मेक्सिकोतले आपले प्रतिनिधी एकार्ट यांना जाब विचारला. त्यांनी उत्तर धाडलं, की कागद आमच्याकडे जाळून राखसुद्धा उधळून टाकली होती, गळती वॉशिंग्टनलाच शोधा. हा सवालजवाबही लंडनमध्ये वाचला जात होता. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही किती वेळ हसत होतात!

आकड्यांकडे आपण त्यानंतर वळलो. ५९०५ हा गट पुन्हा पुन्हा येतो, तो ‘युद्ध’. त्याच्या आधी ९८०९२ आला की ‘पाणबुडी युद्ध’. ६७८९३ म्हणजे मेक्सिको, आणि त्याच्या आधी ‘नवा’ अर्थाचा १७५५३ लावला की न्यू मेक्सिको. अ‍ॅरिझोना मात्र कोशात नव्हतं. ते चार गटांत तोडून घातलंय: ५४५४, १६१०२, १५२१७, २२८०१. तुम्ही तिथे बोट ठेवून म्हणालात, की ही जागा पाठवणाऱ्याला त्रासाची आणि चोरून ऐकणाऱ्याला सोन्याची. मग तारमास्तराची बाजू सांगितलीत, जी माझ्या कुठल्याच कागदात नव्हती. साध्या मजकुरात एखादं अक्षर चुकलं तर वाक्यावरून कळतं. आकड्यांच्या तारेत कट्ट-कडकट्ट कानावर पडतं आणि हात लिहीत जातो, चूक झाली तर सांगणारा अर्थच नसतो. म्हणून गट मोजायचे, आकडे परत म्हणून दाखवायचे. तेव्हापासून विसंगत गट दिसला की मी लगेच गूढ अर्थ शोधत नाही, आधी ऐकणाऱ्याचा कान आणि लिहिणाऱ्याचा हात तपासतो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १ मार्चला तार वर्तमानपत्रांत आली, बनावट आहे म्हणून ओरड झाली, ३ मार्चला खुद्द झिमरमाननेच ती खरी असल्याचं मान्य केलं आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. एका तारेनेच ते घडवलं असं म्हणणं मला पटत नाही. १ फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी कुठलंच जहाज न वगळता जे हल्ले आरंभले होते त्यांचं वजन मोठं होतं. यावर आपलं एकमत नाही, आणि ते तसंच राहू दे.

लंडनच्या अमेरिकी वकिलातीत एडवर्ड बेल यांनी ‘रूम ४०’च्या नायजेल डी ग्रे यांच्या मदतीने ही तार पुन्हा सोडवली, म्हणजे ‘आमच्या माणसाने सोडवली’ असं वॉशिंग्टनला खरेपणाने म्हणता यावं. त्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे जर्मन शब्द हाताने लिहिलाय. त्याची मोठी प्रत काढून तुमच्याकडे पाठवतोय. अक्षर बारीक आहे, भिंग जवळ ठेवा.

तुम्ही मला वेळ दिलात, चिडला नाहीत, आणि तेच तेच पुन्हा सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. एकार्ट आणि बर्लिन यांच्यातल्या तारांच्या वाटा आता लावायला घेतोय. त्या कागदांवरचे शेरे मला वाचता येत नाहीत, तेव्हा लवकरच पुन्हा त्रास द्यायला येतो.

आपला,
एक विद्यार्थी