लेन्सची डबी आणि नळाचे पाणी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालये सुरू झाली की प्रथमच कॉन्टॅक्ट लेन्स घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते. व्यवसायाने ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टितपासनीस) असल्यामुळे मला सतत जाणवते ते असे, की लेन्स हाताळण्यापूर्वी हात धुवावेत हे यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते; परंतु लेन्सची डबी कशी स्वच्छ करता, असे विचारल्यास ‘नळाखाली धुतो’ हेच उत्तर येते.

नेमके तेच टाळायला हवे. नळाच्या आणि टाकीच्या पाण्यात अकँथामिबा हा एकपेशीय जीव असू शकतो व त्याचे कवचबंद रूप क्लोरीनलाही दाद देत नाही. त्यामुळे पिण्यायोग्य पाणी लेन्सलाही चालेल, हा समज चुकीचा आहे. डोळ्याला झालेला त्याचा संसर्ग बरा होण्यास कित्येक महिने लागतात आणि काही रुग्णांची दृष्टी कायमची अधू होते. त्यातच ‘डोळे आले असतील’ असे समजून औषधाच्या दुकानातून परस्पर स्टिरॉइडचे थेंब आणले, तर तो अधिकच बळावतो.

डबीतील जुने सोल्यूशन (लेन्स निर्जंतुक ठेवण्याचे द्रावण) रोज पूर्ण ओतून टाकावे, ताज्या सोल्यूशननेच ती विसळावी, पालथी ठेवून कोरडी होऊ द्यावी आणि तीन महिन्यांनी बदलावी. बाटली महाग पडते म्हणून जुन्यात थोडे नवे मिसळणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांची अडचण खरी आहे. परंतु २००६ साली डोळ्यांतील फ्युझेरियम बुरशीच्या संसर्गाच्या साथीमुळे एक सोल्यूशन जगभरातून मागे घ्यावे लागले, तेव्हा बाधितांमध्ये हीच सवय अधिक आढळली होती. लेन्स घालून झोपणे आणि स्नेहसंमेलनासाठी एकमेकांच्या रंगीत लेन्स वापरणे हेही तितकेच घातक आहे.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. दुकानात लेन्स घालण्या-काढण्याचा सराव करून घेतात, डबीविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते, आणि सोबतचे माहितीपत्रक बारीक इंग्रजीत असते. अनेक महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी होते. त्या अर्जात ‘लेन्स वापरता का?’ हा प्रश्न घालावा आणि होकार देणाऱ्यांच्या हाती मराठीतील एक पानी सूचना द्यावी. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. डोळा लाल होऊन दुखू लागल्यास किंवा उजेड सहन होईनासा झाल्यास लेन्स ताबडतोब काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि लेन्स व डबी सोबत न्यावी, कारण संसर्गाचे कारण शोधण्यासाठी त्यांचीही तपासणी करता येते, हे त्या पानावर ठळक अक्षरांत असावे.

आपला,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, पुणे