सें-त्रोपेहून आल्यावर वैशूला पत्र

आंतीब, २२ मे

प्रिय वैशू,

अगं तुझा तो अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला आणि मग ठरवलं की याला उत्तर बोलून द्यायचंच नाही, बसून लिहायचं, कारण बोलायला लागले की मी अर्धं विसरते आणि मध्येच चिकू येऊन फोन हिसकावते. तू विचारलंस ना, "गेलीस का गं शेवटी त्या श्रीमंतांच्या गावाला, खरंच फोटोतल्यासारखं आहे का?" तर हो, गेलो, गेल्या आठवड्यात, १७ मेला. फोटोतल्यासारखं आहे. पण फोटोत आवाज नसतो गं, आणि मी उतरल्या उतरल्या जे ऐकलं ते म्हणजे बंदुकीचे बार!

थांब, आधीपासून सांगते. सें-त्रोपेला, म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या गावाला, रेल्वेच जात नाही. एवढं जगप्रसिद्ध गाव आणि स्टेशन नाही, रस्ताही म्हणायला एकच, आणि त्यावर उन्हाळ्यात जे ट्रॅफिक लागतं त्याला मुंबई-गोवा हायवे परवडला असं इथले आपले लोक म्हणतात. म्हणून आम्ही आंतीबहून ट्रेनने सें-राफाएलला गेलो आणि तिथून बोट. कान शहराच्या पुढे ती ट्रेन समुद्राला इतकी चिकटून जाते ना, आणि डोंगर बघशील तर लालभडक, आपल्या जांभ्यासारखे लाल पण टोकदार, खाली पाणी निळं-हिरवं. मी खिडकीला नाक लावून बसलेले, मंदार लॅपटॉपमध्ये, नेहमीप्रमाणे. बोटीला साधारण तासभर लागतो. लांबून पहिला दिसतो तो चर्चचा पिवळा-केशरी मनोरा आणि वर टेकडीवरचा किल्ला, मग घरं, मग त्या यॉट. आणि धूर.

धूर कसला, तर त्या दिवशी त्यांची ब्राव्हाद होती. आम्हाला काही पत्ताच नव्हता, शनिवार-रविवारच्या गर्दीच्या बाहेरचा दिवस म्हणून मंदारने सुट्टी टाकलेली. दरवर्षी १६ ते १८ मे असते. म्हणजे काय तर गावच्या संताची जत्राच म्हण. गावातले पुरुष जुन्या सैनिकांचे, खलाशांचे युनिफॉर्म घालून, हातात ठासणीच्या बंदुका घेऊन, ताशे आणि बासऱ्या वाजवत गल्ल्यागल्ल्यांतून फिरतात, चौक आला की नळी जमिनीकडे धरतात आणि एकदम सगळे बार काढतात. गोळी नसते, नुसती दारू. पण आवाज असा की चिकू माझ्या कमरेला घट्ट मिठी मारून रडायला लागली आणि पाच मिनिटांनी तीच म्हणते "आई, अजून!" मागून संताचा मुखवटा खांद्यावर घेऊन मिरवणूक. सगळीकडे लाल-पांढरी निशाणं. वैशू, शप्पथ सांगते, मला तिथं आपल्या भैरीबुवाची पालखी आठवली. तोच धुरळा, तोच घाम, म्हाताऱ्या बायका दारात उभ्या, आणि एक आजोबा भयंकर सीरियस चेहऱ्याने बंदुकीत दारू ठासतायत, जणू शत्रू आत्ता खाडीत शिरलाय. फक्त गाऱ्हाणं नव्हतं.

आणि हे नुसतं टुरिस्टांसाठी केलेलं सोंग नाही हं. या गावाला खरंच स्वतःची फौज होती. १४७० च्या सुमारास गाव पार ओसाड पडलेलं, तेव्हा जिनोआहून साठ कुटुंबं आणून वसवली, अट अशी की तुम्ही गावाचं रक्षण करा, आम्ही कर घेणार नाही. मग १५५८ पासून गावाचा स्वतःचा कॅप्टन. १६३७ ला स्पॅनिश गलबतं चालून आली ती या लोकांनीच पळवून लावली, त्या लढाईची वेगळी ब्राव्हाद जूनमध्ये असते. पुढे चौदाव्या लुईने १६७२ मध्ये ती स्वायत्तता काढून घेतली, पण कॅप्टन काही गावाने सोडला नाही, अजून दरवर्षी निवडतात. फौज गेली, मिरवणूक राहिली.

संताची गोष्ट तर चिकूला मी तिनदा सांगितली. तोर्पेस नावाचा नीरो बादशहाचा अधिकारी, ख्रिस्ती धर्म सोडेना म्हणून पिसाला त्याचं डोकं उडवलं आणि धड एका नावेत घालून सोडलं समुद्रात, बरोबर एक कुत्रा आणि एक कोंबडा. म्हणजे त्यांनी ते खावं असा दुष्ट विचार. त्यांनी तोंडसुद्धा लावलं नाही आणि नाव वाहत वाहत इथं लागली. मग कोंबडा उडून जवसाच्या शेतात गेला तिथं कोगोलां गाव झालं म्हणे. चिकूला संताचं काही पडलेलं नाही, तिचा प्रश्न एकच, कुत्र्याने मग खाल्लं काय?

आता यॉटचं सांगते, कारण तुला त्यातच इंटरेस्ट आहे मला माहितीये. बंदरात त्या पाठमोऱ्या लावतात, म्हणजे मागची डेक बरोबर रस्त्याकडे. त्यावर टेबल, फुलं, बर्फाची बादली, पांढऱ्या कपड्यातला स्टाफ. आणि खाली आपण, हजारो माणसं, आइस्क्रीम चाटत त्यांना बघत चाललोय. ते जेवतात आपल्याला दिसावं म्हणून आणि आपण बघत नसल्यासारखं करत बघतो. मला पहिली दहा मिनिटं भारी वाटलं आणि मग कंटाळा आला, खरंच. एक गंमत मात्र बघितली, प्रत्येक बोटीच्या मागे तिच्या बंदराचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचत गेले तर जॉर्जटाउन, व्हॅलेटा, परत जॉर्जटाउन. कर चुकवायची गावं सगळी! पाचशे वर्षांपूर्वी करमाफी देऊन माणसं आणली त्या गावात आता करमाफीवालेच येऊन राहतात, मी मंदारला म्हटलं तर तो हसला, म्हणजे लॅपटॉप बंद होता तेव्हा. बंदरावरच्या एका कॅफेत दोन कॉफ्या आणि एक ज्यूस घेतला, बिल तुला सांगत नाही, आईला कळलं तर ती मला परत बोलावून घेईल.

एवढ्या थाटात मासळीबाजार केवढा, तर एका कमानीखाली, संगमरवरी ओटे, मोजून थोडे गाळे. आपल्या मिरकरवाड्यात एका टोपलीवरून जेवढी भांडणं होतात तेवढा माल. पण मूळ गाव तेच होतं गं, मासे आणि गलबतं. मग १८९२ मध्ये पॉल सिन्याक नावाचा चित्रकार स्वतःची शिडाची बोट घेऊन आला आणि इथलाच झाला, त्याच्यामुळे बाकीचे आले, मातिस १९०४ चा उन्हाळा इथं होता. बंदरावरच एका जुन्या चॅपलचं म्युझियम केलंय, लानाँसियाद, तिथं ती ठिपक्याठिपक्यांची चित्रं आहेत. मंदार बाहेर चिकूला घेऊन बसला आणि मला अर्धा तास एकटीला मिळाला. बंदराचं चित्र बघायचं आणि दोन पावलं बाहेर येऊन तेच बंदर बघायचं. तेच तरी कसं म्हणू, ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा इथल्याच किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा जर्मनांनी जाता जाता बंदर उडवलं, आज जुनं म्हणून फोटो काढतो त्यातलं बरंचसं नंतर होतं तसं परत बांधलेलं आहे. ग्लॅमर त्याच्याही नंतरचं, १९५५-५६ ला ब्रिजित बार्दोच्या सिनेमाचं शूटिंग झालं आणि मग तिने इथं घरच घेतलं. त्याच वेळी एका पोलिश बेकरीवाल्याने क्रीम भरलेला गोड पाव केला, त्याला नाव तिनेच सुचवलं म्हणतात, तार्त त्रोपेझिएन. खाल्ला. चांगला आहे, पण आपल्या बेकरीतला क्रीमरोल पण चांगला आहे, एवढंच म्हणेन.

बंदरावर एक मोठा पुतळा आहे, सगळे त्याच्या पायाशी बसून सँडविच खातात. सुफ्राँ नावाचा अ‍ॅडमिरल. पाटी वाचली तर हा बाबा १७८२-८३ ला आपल्याकडे मद्रास आणि सिलोनच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या आरमाराशी पाच लढाया लढला, हैदर अलीला भेटला. म्हणजे इकडे सालबाईचा तह होत होता तेव्हाच! माझे बाबा असते तर त्यांनी तिथंच उभ्याउभ्या तास घेतला असता, नाना फडणवीस, महादजी, सगळं. मला एकदम त्यांची आठवण आली आणि मी उगाचच पुतळ्याचा फोटो काढला.

पण वैशू, मला खरं जे लिहायचं होतं ते पुढेच आहे.

दुपारी ऊन चढलं, चिकूला शू लागली, आणि त्या गावात फुकट बाथरूम मिळणं म्हणजे दिव्य. फिरत फिरत गाम्बेता नावाच्या रस्त्यावर आलो. तिथं एक जुनं देखणं घर, आता हॉटेल केलंय, फार महागडं, आणि दारावर नाव काय, तर "पान देई". मी थबकलेच. मंदारला म्हटलं अरे हे आपलं वाटतंय. तो म्हणाला काहीतरी फ्रेंच असेल. नव्हतं फ्रेंच.

या गावचा एक माणूस होता, जाँ-फ्रांस्वा आलार, १७८५ चा जन्म. नेपोलियनच्या घोडदळात होता. वॉटर्लूनंतर इथं भविष्य राहिलं नाही म्हणून इराणमार्गे १८२२ ला लाहोरला पोचला आणि महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत जनरल झाला, त्यांचं घोडदळ युरोपियन पद्धतीने तयार केलं. तिथं त्याने लग्न केलं चंब्याच्या एका राजघराण्यातल्या मुलीशी, बन्नू पान देई. मुलं झाली. मग रजा काढून तो बायको-मुलांना घेऊन फ्रान्सला आला आणि १८३५ मध्ये तिच्यासाठी हे घर बांधलं. आणि १८३६ ला परत लाहोरला गेला. एकटा. तिला आणि मुलांना इथंच ठेवून, मुलं फ्रेंच म्हणून वाढावीत म्हणून. जानेवारी १८३९ मध्ये पेशावरला वारला, पुरलं लाहोरला. ती परत गेली नाही. ख्रिस्ती झाली, इथंच राहिली, १८८४ मध्ये इथंच गेली. म्हणजे त्याच्यामागे पंचेचाळीस वर्षं गं.

मी त्या फाटकासमोर उभी आणि आतून एसीचा गार वारा येतोय, दारातला मुलगा मला फ्रेंचमध्ये काहीतरी विचारतोय, बहुतेक बुकिंग आहे का असं, आणि मला नेहमीसारखं काही सुचत नाहीये. तुला माहितीये ना माझं, दोन वर्षं झाली, क्लास केला, तरी ब्रेडवाल्या बाईसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि चिकू सगळ्यांसमोर माझे उच्चार सुधारते. "आई, असं नाही, र्‍ह." आणि मी तिला घरी व्हिडिओ कॉलवर आजीशी मराठीत बोल म्हणून मागे लागते. मला एकदम वाटलं की बन्नूच्या मुलांनी पण तिला असंच शिकवलं असेल का. आणि तेव्हा तर इथले साधे लोक घरात फ्रेंच पण नव्हते बोलत, इकडची प्रोव्हांसाल भाषा बोलायचे, म्हणजे ती बाजारात जाऊन काय ऐकत असेल? नवरा गेल्याची बातमी तिला किती महिन्यांनी कळली असेल? तार नाही, सुएझ कालवा व्हायला अजून तीस वर्षं. डोंगरातली पोर ती, आणि खिडकीतून दिसतो हा मिस्त्राल वाऱ्याने खवळलेला समुद्र. मंदार म्हणाला तू फार विचार करतेस, राजघराण्यातली होती, नोकर असतील. असतील ना. पण नोकर पण इथलेच असणार!

चिकूला शेवटी त्या दारातल्या मुलानेच आत नेऊ दिलं बरं का, हसून, एक शब्द न बोलता. तेवढ्यात मी आतलं अंगण बघून घेतलं.

गावात २०१६ पासून त्या तिघांचे अर्धपुतळे पण आहेत, रणजितसिंह, आलार आणि बन्नू. तिथं गेलो, पण ब्राव्हादमुळे सगळे बंदुकांकडे पळत होते. तिचा चेहरा मी बराच वेळ बघितला. चेहरा शिल्पकाराने कसा ठरवला असेल देव जाणे.

मग प्लास दे लीसवर झाडांच्या सावलीत म्हातारे लोखंडी गोळे फेकण्याचा तो पेतांक खेळत होते ते बघत जेवलो, घरून नेलेले पराठेच. आणि मग मी हट्टाने सगळ्यांना किल्ल्याखालच्या दफनभूमीकडे नेलं. ती अगदी समुद्राला लागून आहे, पांढऱ्या कबरी आणि खाली लाटा. बन्नू त्यातच कुठंतरी असेल असं धरून मी नावं वाचत चालले होते, दोन रांगा झाल्या, आणि चिकूने भोकाड पसरलं, मंदार घड्याळ दाखवायला लागला. तिसरी रांग राहिली. आणि एवढं करून बोट चुकलीच! मग त्या एकुलत्या एक रस्त्यावरून बस. खाडीला वळसा घालून बस मुंगीच्या पावलाने चाललेली, मागे गावाच्या बाजूने अजून बार ऐकू येतायत, आणि मंदार मला म्हणतो "तुझ्या पान देईमुळे." मी काही बोलले नाही. सें-राफाएलला पोचेपर्यंत दिवे लागलेले.

तू आलीस ना सप्टेंबरात तर परत जाऊ. गर्दी कमी असते आणि महिन्याच्या शेवटी शिडाच्या जुन्या बोटींची शर्यत असते, ती बघायची म्हणजे श्रीमंतांचे दिखाऊ तरंगते बंगले नाहीत, खऱ्या लाकडी बोटी. पराठे मी करीन. आणि तिसरी रांग आपण दोघी बघू.

पार्सलचं विचारलंस ते लिहून ठेव, गोडा मसाला अर्धा किलोच, आमसुलं, मेतकूट, आणि कुळथाचं पीठ जरा जास्त. मागच्या वेळी पंधरा दिवस लागले म्हणून मी तुझ्यावर किती चिडले होते. या वेळी चिडणार नाही.

तुझीच,
शमा

ता. क. चिकू विचारतेय, कुत्र्याने काय खाल्लं हे वैशूमावशीला माहिती असेल का.