चोपड्याच्या आप्पा मिस्तरींना, मेपलच्या बॅटीबद्दल

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

मोबाईल तुम्ही फक्त फोन घ्यायला वापरता, तेव्हा हे पत्र नातू वाचून दाखवील असं धरून चाललोय. चारचौघांत लिहितोय त्याला कारण आहे. जळगाव-भुसावळकडे सॉफ्टबॉल खेळून मोठी झालेली बरीच पोरं पुढे बेसबॉलकडे वळतात. लाकडी बॅट घ्यायची वेळ आली की जो तो वजन विचारतो, लांबी विचारतो, कंपनी विचारतो. लाकूड कसंय हे कुणी विचारत नाही. तुम्ही आधी तेच विचारलंत, आणि तेही बेसबॉलचा एक सामना न बघता.

लांबी-वजनाचा हिशोब आमचा तयार होता. मोठ्या माणसांच्या खेळात बॅट साधारण ३२ ते ३४ इंचांची. लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांत दोन-तीनचा फरक ठेवतात. म्हणजे ३३ इंची बॅट ३० ते ३१ औंसांची, आपल्या भाषेत ८५० ते ८८० ग्रॅम. मेपल घ्यायचं हेही ठरलं होतं. अमेरिकेत पूर्वी अ‍ॅश लाकडाच्या बॅटी चालायच्या. २००१ साली बॅरी बाँड्स नावाच्या खेळाडूने मेपलच्या बॅटीने एका मोसमात ७३ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि सगळे मेपलच्या मागे लागले. पुढे अ‍ॅशची झाडं पोखरणारा हिरवा किडाही तिकडे पसरला, त्यामुळे चांगलं अ‍ॅश मिळणंच अवघड झालं.

हे सगळं मी तुमच्यासमोर मोठ्या ऐटीत सांगितलं. तुम्ही रंधा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "ते राहू दे. रेशा कसा आहे?" रेशा म्हणजे लाकडातल्या तंतूंची धाव.

माझी आतेबहीण न्यू जर्सीत असते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येताना ती बॅट आणणार होती. दुकानात उभी राहून तिने चार-पाच बॅटींचे फोटो पाठवले. एकीच्या मुठीच्या वर काळा ठिपका होता. डागाळलेली दिसते, ही नको, असं ताईने सोबत लिहिलंही होतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, फोन नाकाजवळ धरलात, दोन बोटांनी फोटो मोठा करायला मला सांगितलंत आणि म्हणालात, "देख भो, शाई कथा पयनी ते देख." म्हणजे शाई कुठे पळाली ते बघ.

शाई रेशाच्या वाटेने पसरली होती. गोल ठिपक्याला वर-खाली बारीक केसासारखे फाटे फुटले होते आणि ते फाटे बॅटीच्या लांबीला अगदी समांतर होते. तो डाग नव्हताच, मुद्दाम केलेली परीक्षा होती. अ‍ॅशचा रेशा नुसत्या डोळ्यांना दिसतो. मेपलची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली, त्यामुळे रेशा सरळ आहे की तिरका पळतोय ते कळत नाही. म्हणून शाईचा थेंब टाकतात. २००८ साली अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेत, मेपलच्या बॅटी मोडून टोकदार तुकडे मैदानात उडायला लागले, तेव्हा मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतल्या लाकूडतज्ज्ञांनी मोडक्या बॅटी गोळा करून तपासल्या. मोठा दोष निघाला तिरक्या रेशाचा. मग नियम झाला की मुठीजवळचा रेशा बॅटीच्या सरळ रेषेपासून ३ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. त्यानंतर तुकडे होऊन मोडणाऱ्या बॅटींचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

हे ३ अंश मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही हातातल्या पट्टीवर पेन्सिलने दोन रेघा ओढल्यात आणि म्हणालात, "म्हणजे फुटामागे पाच सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. घरी येऊन मी कॅल्क्युलेटरवर पाहिलं. बरोबर पाच सूत!

ताईला तीच ठिपकेवाली बॅट घ्यायला सांगितली. तिथे एक काळीभोर बॅटही होती, दिसायला फार देखणी, आमच्या पोरांचा जीव तिच्यावर. तुम्ही नुसतं म्हणालात की रंग चोपडला की लाकूड लपतं. निदान मुठीचा भाग तरी लाकडाच्या मूळ रंगाचा हवा, हे मी आता विचारेल त्याला सांगतो.

आकाराबद्दलही तुमचं ऐकलं ते बरं झालं. या बॅटींच्या घडणीला आकडे असतात. २४३ म्हणजे पोट (चेंडू लागतो तो जाड भाग) मोठं आणि मूठ बारीक, २७१ जरा मध्यम, ११० ची मूठ जाड आणि पोट बेताचं. आमच्यातल्या जोरकस गड्यांना २४३ हवी होती, आणि वजनही हलकंच हवं होतं. नियमाने पोट जास्तीत जास्त २.६१ इंच, म्हणजे अडीच इंचाला एक सूत वर, तेही पुरतं नाही. तुम्ही विचारलंत, "पोट जाड, मान बारीक आणि वजन कमी, मग त्यात लाकूड कसलं घालतील?" उत्तर सरळ आहे, हलकं आणि विरळ. टोकाला वाटीसारखा खळगा कोरून थोडं वजन काढतात, पण त्याने किती निघणार? नव्याने लाकडी बॅट धरणाऱ्या मोठ्या माणसाने ११० सारखी जाड मुठीची घ्यावी असं माझं मत झालंय. अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटीवर हात बसलेला असतो, चेंडू हमखास मुठीकडे लागतो, आणि बारीक मान तिथेच जाते.

बॅट आली तेव्हा ताईच घेऊन आली होती तुमच्याकडे. कागद काढल्यावर तुम्ही आधी ती हुंगलीत (का, ते अजून विचारायचं राहिलंय). मग मुठीकडून दोन बोटांत लटकती धरून पोटावर टिचकी मारलीत. आवाज खणखणीत आला. आत चीर असली तर बसका येतो म्हणालात. नंतर तिच्यावरचा कंपनीचा शिक्का पाहून तुम्ही थांबलात, कारण तो तुमच्या अंदाजापेक्षा पाव वळसा बाजूला होता. त्याचं कारण तुम्हीच हातात फिरवून शोधलंत. अ‍ॅशच्या बॅटीला चेंडू वर्षवलयांच्या कडांवर घ्यायचा असतो, नाहीतर तिचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मेपलला उलट. तिला सपाट रेशाची बाजू चेंडूसमोर हवी, ती तिथे जास्त तग धरते. म्हणून मेपलवर शिक्का फिरवून कडेच्या बाजूला मारतात. खेळणाऱ्याने एवढंच करायचं, शिक्का आभाळाकडे ठेवून मारायचं.

सातपुड्याच्या सागाची एक बॅट खरादीवर काढून देतो असं तुम्ही म्हणाला होतात आणि लगेच स्वतःच नको म्हणालात. साग दार-चौकटीला राजा, पण मेपलपेक्षा मऊ, सततच्या माराने त्याला खड्डे पडतील. हातात काम असून ते नाकारणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिला नाही.

आमच्या पोरांना क्रिकेटची सवय. बॅट आली की जवसाचं तेल चोळायचं आणि लाकडी हातोडीने ठोकत बसायचं. तुम्ही नखाने वरचा लॅकर दाखवलात आणि विचारलंत, "तेल जाईल कुठून?" तेलाची बाटली तिथल्या तिथे परत गेली. क्रिकेटच्या बॅटीचं विलो लाकूड मऊ, त्याला ते लागतं. लॅकर मारलेल्या मेपलला नाही. उन्हाचं मात्र तुम्ही दोनदा बजावलंत. मे महिन्यात जळगाव ४५ अंशांवर जातं. त्या उन्हात बॅट गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत राहिली तर लाकडातला ओलावा उडतो, वजन उतरतं आणि लाकूड ठिसूळ होतं. आता ती माझ्या घरात, आतल्या खोलीत, उभी असते. आईची त्यावरून कुरकुर चालू असते, ती वेगळी.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चहाही तुमचाच झाला. तुमच्या वेळेबद्दल आणि त्या पाच सुतांबद्दल आमच्या सगळ्या टीमकडून मनापासून आभार. काकूंना आणि नातवाला नमस्कार-आशीर्वाद सांगा.

बॅट मोडली की तुकडे टाकू नका, मला आणून दाखवा, कुठून गेली ते बघायचंय, असं म्हणाला होतात. अजून मोडलेली नाही. मोडली की घेऊन येतो.

तुमचा,
जळगावचा बॅटवाला