वोलेरेंगाच्या मुली आणि दुसऱ्या डिव्हिजनमधली पोरं

ओस्लो,
१६ मार्च २०२५

प्रिय सुवर्णा,

तू विचारलंस, "तिकडं नॉर्वेत मुलींची फुटबॉल मॅच बघायला खरंच माणसं येतात का गं?" तुला हो म्हटलं तर अर्धं खोटं आणि नाही म्हटलं तरी अर्धं खोटं. म्हणून मेसेज न करता पत्रच लिहायला बसले. आज रविवार आहे, बाहेर रस्त्याकडेला अजून काळं पडलेलं बर्फ आहे आणि नवा हंगाम महिनाअखेरीस सुरू होतोय. म्हणजे गेल्या वर्षाचं सगळं सांगून टाकायला हीच वेळ बरी.

आधी इथलं वेळापत्रक समजून घे, कारण ते आपल्या बरोबर उलटं आहे. तुमचा कोल्हापूरचा शाहू स्टेडियमवरचा हंगाम उन्हं तापली की संपत येतो, इथला तेव्हा सुरू होतो. मार्चअखेर ते डिसेंबरची सुरुवात. मधले महिने मैदानं गोठलेली. पुरुषांची वरची लीग म्हणजे एलितेसेरिएन, १६ संघ, प्रत्येकी ३० सामने. बायकांची टोप्पसेरिएन, तिच्यात २०२४ला १० संघ होते. दोनदाच भेटले तर फार थोडे सामने होतात, म्हणून प्रत्येकाशी तीनदा, असे २७. मे महिन्यातली १६ तारीख म्हणजे इथला फुटबॉलचा सण. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय दिन, सुट्टी, आणि आदल्या संध्याकाळी देशभर सामने. हिवाळाभर कोंडलेली माणसं त्या दिवशी घरी बसतच नाहीत.

आता मुद्द्याचं. मी राहते तो ओस्लोचा पूर्वेकडचा भाग, पूर्वापार कामगारांचा. इथला क्लब वोलेरेंगा. स्टेडियम इंतिलिती अरेना, १६,००० हून जास्त माणसं बसतील एवढं, कृत्रिम गवताचं. या एकाच मैदानावर क्लबचे दोन्ही संघ खेळतात, आणि २०२३च्या शेवटी या मैदानाने एक विचित्र प्रकार पाहिला. वोलेरेंगाच्या मुली टोप्पसेरिएन जिंकल्या. त्यानंतर काही आठवड्यांत पुरुष संघ टिकून राहण्याच्या प्ले-ऑफमध्ये क्रिस्तियानसुंदकडून पेनल्टींवर हरला आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला. अख्खा मोहल्ला सुतकात. ऑफिसातला कॉफी मशीनपाशी भेटणारा एक जण मला म्हणाला, "क्लबचं हे सगळ्यात वाईट वर्ष." मी म्हटलं, अहो, क्लब देशाचा चॅम्पियन आहे की! तो हसला. मी विनोद केला असं वाटलं त्याला.

२०२४मध्ये तेच पुढे चाललं, आणखी ठळक होऊन. मुलींनी लीग परत जिंकली आणि नोव्हेंबरात ओस्लोच्या उल्लेवोल स्टेडियमवर रोझेनबोर्गला हरवून देशाचा कपही उचलला. शिवाय सप्टेंबरात बेल्जियमच्या अँडरलेख्टला बाहेर काढून त्या युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात गेल्या. गट कसला, चक्की होती ती: आर्सेनल, बायर्न म्युनिक, युव्हेंतुस. सहा सामन्यांत एकच गुण मिळाला, पण तो बायर्नशी इथेच ओस्लोत १-१ बरोबरी करून. ओलाउग त्वेदतेन, करिना सेव्हिक ही नावं तुझ्या संघातल्या पोरींना सांग. सेव्हिक नॉर्वेकडूनही खेळते. तोवर पुरुष मंडळी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये बसने गावोगाव हिंडत होती. तीही पहिली येऊन परत वर आली, हे सांगायला हवं.

मग माणसं येतात का? दुसऱ्या डिव्हिजनमधल्या पुरुषांना बघायला हजारो आली. वर्षभर. निळे मफलर, ढोल, गाणी, काही म्हणून कमी नाही. बायर्न-आर्सेनलच्या रात्री मुलींसाठीही स्टँड बऱ्यापैकी भरला. पण साध्या शनिवारी, लीगच्या सामन्याला, काही शे. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये काही शे माणसं म्हणजे तुला बेंचवरून कोच काय ओरडतोय ते शब्दन्‌शब्द ऐकू येतं. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पुढे बसलेल्या शाळकरी मुली सामना संपल्यावर कठड्याला टेकून खेळाडूंशी दहा-दहा मिनिटं बोलतात, आणि गोलकीपर घरचा अभ्यास झाला का विचारते. पण याचे गोडवे गाऊन मी प्रश्न टाळणार नाही. चॅम्पियन संघाला एवढे कमी प्रेक्षक, आणि तेही या देशात, ज्याच्या बायकांनी १९९५चा वर्ल्ड कप आणि २००० सालचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलंय! इथल्या पुरुषांनी आजवर वर्ल्ड कपची क्वार्टर फायनलसुद्धा पाहिलेली नाही.

इथले लोक मला सांगतात की पैसा आणि प्रेक्षक आणायचा उपाय म्हणजे मोठ्या पुरुष क्लबांनी बायकांचे संघ आपल्यात घेणं. घेतलेही. ट्रोंडहाइम्स-ऑर्न हा बायकांचा जुना, कितीतरी लीग आणि कप जिंकलेला क्लब. २०२०मध्ये तो ट्रोंडहाइमच्याच रोझेनबोर्ग या पुरुष क्लबात जाऊन रोझेनबोर्ग झाला. बर्गनमधला सांडविकेन २०२१ला टोप्पसेरिएन जिंकला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या पुरुष क्लबच्या, ब्रानच्या, लाल जर्सीत उतरला. त्या पहिल्याच वर्षी लीग आणि कप दोन्ही. बोडोतही ग्रांद बोडो क्लबच्या मुली आता पुरुषांच्या बोडो/ग्लिम्ट क्लबच्या झाल्या, आणि या वर्षी त्या टोप्पसेरिएनमध्ये खेळणार. फायदा झाला हे नाकारता येत नाही. फिजिओ, जिम, मैदान, मालिशवाला सगळं आलं. ब्रानच्या मुली गेल्या मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला बार्सिलोनासमोर उभ्या होत्या. हरल्या, पण दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केला. हे सांडविकेन राहून झालं असतं का? कदाचित नाही. तरी मला त्यात खटकतं ते हे, की ज्या बायकांनी स्वतः वर्गणी काढून, स्वतः जर्सी धुऊन ते क्लब उभे केले, त्यांची पाटी उतरली. पुरुषांच्या क्लबचं नाव लावल्याशिवाय आपल्याला कोणी बघत नाही, हे कबूल करूनच पुढं जायचं. तुझ्या पोरींना उद्या एखाद्या मोठ्या मंडळानं आपल्या नावाखाली खेळा म्हटलं, तर तू काय करशील? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता पुरुषांची लीग. गेल्या वर्षीचं विजेतेपद बोडो/ग्लिम्टला. ६२ गुण, ब्रान ५९. पाच वर्षांतलं चौथं: २०२०, २०२१, २०२३ आणि आता २०२४. बोडो म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, ओस्लोपासून हजार किलोमीटरहून लांब, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं बंदर. गेल्या वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणूनही मिरवलं. एक गोष्ट तुला चीड आणेल. उत्तर नॉर्वेच्या क्लबांना १९६३पर्यंत कपमध्ये आणि १९७२पर्यंत वरच्या लीगमध्ये खेळूच देत नसत. प्रवास लांबचा आणि म्हणे दर्जा कमी. तिथल्यांनी १९७५ला कप जिंकून दाखवला, पण लीगसाठी २०२० उजाडावं लागलं. कोच शेटिल क्नुत्सेन, २०१८पासून तोच. कप्तान पात्रिक बर्ग, त्याचा बाप, काका, आजोबा सगळे ग्लिम्टचेच. मानसिक तयारीसाठी त्यांनी हवाई दलातला माजी फायटर पायलट ठेवलाय. आणि प्रेक्षक हातात भलेमोठे पिवळे टूथब्रश घेऊन येतात, ही १९७०च्या दशकापासूनची प्रथा. कुणाकडे टूथब्रशचं कारण विचारलं की प्रत्येक जण नवी गोष्ट सांगतो.

सप्टेंबरात ग्लिम्टनं दहा खेळाडूंत पोर्तुगालच्या पोर्तोला ३-२ हरवलं. परवा गुरुवारी ग्रीसमध्ये ऑलिंपियाकोसकडून १-२ हरले, पण घरी ३-० जिंकलेले असल्यानं युरोपा लीगच्या क्वार्टर फायनलला गेले. आता समोर इटलीचा लॅझिओ. नॉर्वेचा एकही पुरुष संघ युरोपात सेमीफायनलला पोहोचलेला नाही. माझी पैज आहे, हे पोहोचतील. हरले तर या ओळी फाडून टाक.

बाकीचं भरभर. कप जिंकला फ्रेड्रिकस्टाडनं, मोल्डेविरुद्ध, ७ डिसेंबरला, १२० मिनिटं गोल नाही आणि मग पेनल्टींवर. आदल्याच वर्षी खालून वर आलेला संघ! त्यांच्याबरोबर वर आलेला केएफयूएम ओस्लो तर वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेचा क्लब. एकेबर्गच्या टेकडीवर चिमुकलं मैदान. सगळ्यांनी त्यांना घसरणारच म्हणून लिहून टाकलं होतं, ते आठवे आले. घसरले ते ओड आणि लिलेस्ट्रोम. नॉर्वेचा स्ट्रायकर हालांड लहानपणी जिथं खेळला तो ब्रिने मात्र २००३नंतर पहिल्यांदा वर आलाय. आणि हालांडनं ऑक्टोबरात देशासाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला, जो योर्गेन युवेच्या नावावर १९३०च्या दशकापासून पडून होता.

पण २०२४चं खरं प्रकरण गोलांचं नव्हतं, माशाच्या कटलेटांचं होतं. हसू नकोस. इथं व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासणं, २०२३ला आलं. प्रेक्षकांना ते मुळीच रुचलं नाही. गोल झाला की ओरडायचं, की पडद्याकडं बघत उभं राहायचं? पहिली पंधरा मिनिटं मौन पाळून झालं, टेनिस बॉल फेकून झाले. २१ जुलैला ट्रोंडहाइमला रोझेनबोर्ग-लिलेस्ट्रोम सामन्यात मैदानावर फिशकेक येऊन पडायला लागले. सामना थांबला, सुरू झाला, परत थांबला, शेवटी बंदच केला. मला खायचं अन्न फेकलेलं बघवत नाही, पण पुढं जे झालं त्यानं मी थक्क झाले.

इथं क्लब विकत घेता येत नाही. कुणी कितीही पैसा ओतला तरी सत्ता सभासदांकडेच राहते. वार्षिक सभा असते, पंधरा वर्षांच्या पोरालाही मत असतं. आपल्याकडं पेठेतला माणूस तालमीच्या कट्ट्यावर बसून "आमचा संघ" म्हणतो, तसाच इथलाही म्हणतो, फरक एवढाच की त्याच्या खिशात सभासदाचं कार्ड आणि एक मत असतं. ते लोक सभांना गेले, ठराव मांडले, क्लबाक्लबांत मंजूर करून घेतले. जानेवारीत वरच्या दोन डिव्हिजनमधल्या ३२ क्लबांचं मतदान झालं, १९ जण म्हणाले व्हीएआर काढा. मग १ मार्चला देशाच्या फुटबॉल महासंघाची मोठी सभा. तिथं सगळ्या देशातले लहान क्लबही मत देतात. निकाल ३२१ विरुद्ध १२९, व्हीएआर राहणार. म्हणजे कटलेटवाले हरले. तरीही, प्रेक्षकांनी आरडाओरड्यावरून मतपेटीपर्यंत जाऊन दाखवलं हे काही कमी नाही. तुमच्याकडं रेफरीच्या निर्णयावरून काय होतं ते मला आठवतंय, त्यामुळं जास्त बोलत नाही.

त्या महासंघाची अध्यक्ष लिसे क्लावेनेस. नॉर्वेकडून खेळलेली, वकील, न्यायाधीश म्हणूनही काम केलेली. २०२२मध्ये या खुर्चीवर बसलेली पहिली बाई, आणि महिन्याभरात दोह्याला जाऊन फिफाच्या सभेत कतारमधल्या मजुरांविषयी तोंडावर बोलली. तिच्या आधी, २०१७ला, देशाच्या दोन्ही संघांना समान मानधनाचा करार झाला होता. बायकांची रक्कम ३१ लाख क्रोनरवरून ६० लाखांवर गेली, त्यातले साडेपाच लाख पुरुषांनी आपल्या वाट्यातून दिले. जगभर वाहवा झाली. पण ते फक्त राष्ट्रीय संघापुरतं. क्लबात तसं काही नाही. नॉर्वेची स्टार खेळाडू आदा हेगरबर्ग, तिनं त्याच वर्षी राष्ट्रीय संघ सोडला होता, पाच वर्षं परतली नाही, आणि ती वारंवार सांगायची की प्रश्न नुसत्या पैशाचा नाही, वागणुकीचा आणि तयारीचा आहे. ते वोलेरेंगाच्या स्टँडमध्ये बसलं की नीट कळतं.

तू म्हणतेस तुझ्याकडं चौदा वर्षांखालच्या मुली वाढल्यात, पण आई-बाप संध्याकाळच्या सरावाला पाठवायला कुरकुर करतात. इथं सगळ्यात उपयोगी पडलं ते अगदी साधं आहे: लहान गटांत पालकच कोच, पालकच मॅनेजर, पालकच वॅफल विकणारे. एकदा आईला तू संघाची हिशेबनीस केलंस की मुलगी सराव चुकवत नाही. बघ जमतं का. सुरुवात त्या सगळ्यात जास्त कुरकुर करणाऱ्या बाईपासून कर.

मे महिन्यात येतेय, सोबत बूट आणीन. इथं मुली वाढल्या की जुने बूट क्लबात जमा करतात, त्यातले चांगले मला निवडून देतो म्हणालेत. तुझ्या पोरींचे नंबर युरोपियन मापात कळव, सेंटिमीटरमध्ये पाऊल मोजलंस तरी चालेल. गोलकीपरचे हातमोजेही हवेत का? आणि शिन गार्ड किती जणींना नाहीत ते नक्की लिही, माझ्या बॅगेत वजन मोजून घ्यावं लागतं.

काकूंना नमस्कार.

तुझी,
मेघा