इयत्ता दुसरीच्या पालकांसाठी

नमस्कार पालकहो,

मराठीत सध्या ‘र’ची जोडाक्षरं चालू आहेत. सूर्य, चक्र, ट्रक या तिन्हींत ‘र’ वेगळा दिसतो, त्यामुळे गोंधळ होणारच. घोकून घेऊ नका. येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचायला लावा.

संगीतात सहा मात्रांचा दादरा ताल झाला, आता आठ मात्रांचा केरवा. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात बाजूला. जेवताना ताटावर ठेका धरला, तर थोडं सोसा!

परिसर अभ्यासासाठी रविवारी रात्री मूठभर मटकी भिजत घाला. सोमवारी सकाळी निथळून, ओल्या फडक्यात बांधून पाठवा. सोबत चमचाभर कोरडी मटकी वेगळ्या पुडीत, तुलनेसाठी. पुरचुंडी मुलांनीच बांधायची, सैल झाली तरी चालेल. काचेची बरणी कृपया नको.

– वर्गशिक्षिका